कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून

आपल्या मराठवाड्यात मूल मैदानावर पाठवणे ही अजूनही सहज घडणारी गोष्ट नाही. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्या होतात, लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत आखाडा रंगतो, आणि हजारो माणसे दाटीवाटीने उभी राहून टाळ्या वाजवतात. पण दुसऱ्याच्या पोराच्या कुस्तीला टाळ्या वाजवणे वेगळे आणि आपले पोर परक्याच्या हवाली करणे वेगळे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले. मुखेड तालुक्यातील होनवडजच्या भाग्यश्री जाधव २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये देशाचा ध्वज घेऊन चालल्या. अशा प्रत्येक नावामागे कोणीतरी कोणावर तरी टाकलेला विश्वास असतो. आईबाप वस्तादाला किंवा सरांना एवढेच म्हणतात, "पोटच्या पोरासारखं सांभाळा." कागद नाही, करार नाही; शब्दावर सारा व्यवहार.

हा विश्वास हीच आपल्या भागातील खेळाची खरी पुंजी आहे, आणि बहुसंख्य गुरुजनांनी ती प्राणपणाने जपली आहे. परंतु ज्याच्या हाती विश्वास असतो त्याच्या हाती सत्ताही असते, हे आपण विसरतो. संघात कोण आणि राखीव कोण, हे प्रशिक्षक ठरवतो. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे; दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर गुजराण करणाऱ्या घरातील मुलीच्या दृष्टीने मैदानावरचे एक प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीचा दरवाजा असतो. त्या दरवाजाची किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्याच्याविरुद्ध ती बोलेल तरी कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी आहे आणि शाळेपासून खो-खो खेळत आले आहे. आमच्या शाळेतून मुक्कामाच्या स्पर्धांना जाताना बरोबर कधी बाई असत, कधी नसत. नसत तेव्हा कुणाला त्याचे काही वाटतही नसे. म्हणून या विषयावर लिहिताना मी वकिलाच्या नव्हे, खेळाडूच्या बाजूने लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मुलांच्या आणि तरुण खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदा पुष्कळ पुढे आला आहे. मागे राहिलो आहोत ते आपण. कायद्याने जे काम आपल्यावर सोपवले आहे ते नेमके कोणी करायचे, हेच आपण अजून ठरवलेले नाही.

आपल्या देशात असे कायदे बहुधा वरातीमागून घोडे आल्यासारखे आले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वय १० वरून १२ वर आले. तेवढ्यासाठीसुद्धा अवघा महाराष्ट्र दुभंगला. बेहरामजी मलबारींनी मोहीम चालवली, आगरकर पाठीशी उभे राहिले, तर परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला. पण कायदा पुढे सरकला तो फुलमणी नावाची बंगालमधील कोवळी बालवधू पतीच्या बळजबरीने मेल्यानंतरच. पुढे १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, असा त्यातला तर्क होता. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

या बदलातील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. माणूस जेव्हा दुसऱ्याच्या ताब्यात असतो, तेव्हा त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येत नाही, हे कायद्याने त्या वेळी मान्य केले. पोलीस ठाणे, तुरुंग, रुग्णालय अशा जागा त्यात आल्या. मैदान मात्र आले नाही.

मैदानाची किंमत रुचिका गिरहोत्रा या मुलीने चुकती केली. हरियाणातील ही १४ वर्षांची टेनिस खेळाडू. १९९० साली तिने ज्याच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली, तो पोलीस महानिरीक्षक होता आणि राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्षही. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि कुंपण दुहेरी. तिला शाळेतून काढण्यात आले, तिच्या कुटुंबाचा छळ झाला, आणि डिसेंबर १९९३ मध्ये तिने जीवन संपवले. आरोपी दोषी ठरला तो डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे १९ वर्षांनी. शिक्षा ६ महिन्यांची, पुढे वरच्या न्यायालयात ती १८ महिन्यांची झाली. त्या काळी मुलांसाठी वेगळा कायदाच नव्हता. या बाबतीत आपला शेजारी गोवा पुढे होता. २००३ साली त्याने स्वतःचा बाल अधिनियम करून मुलांसाठी वेगळे न्यायालय स्थापन केले. संपूर्ण देशाला त्यासाठी १४ नोव्हेंबर २०१२ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम', ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो अमलात आला.

हा कायदा काय सांगतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालक आहे, मग ती मुलगी असो वा मुलगा. मुलगा हा शब्द मुद्दाम लिहिला. केंद्र शासनाने २००७ साली १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि अशा मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. तालमीत मुलगा आहे, त्याला काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिक्षणसंस्थेच्या नोकरवर्गाने किंवा मुलाचा विश्वास अथवा अधिकार ज्याच्याकडे आहे अशा माणसाने गुन्हा केला, तर पोक्सोखाली तो अधिक गंभीर ठरतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्याचे नाव छापता येत नाही. खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा असतो.

खेळाच्या संदर्भात आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मैदानावर स्पर्श तर होणारच. कुस्तीचा डाव हवेत शिकवता येत नाही. मग प्रशिक्षकाने काय हात बांधून उभे राहायचे? याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळाले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निकाल दिला की, कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही. देशभर खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्वचेचा स्पर्श झाला की नाही हा मुद्दा नव्हे, हेतू कोणता होता हा मुद्दा आहे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे डाव शिकवणाऱ्या सच्च्या वस्तादाला कायद्याचे भय नाही. भय आहे ते डावाच्या आडून दुसरेच काही साधणाऱ्याला.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत तर क्रीडा अकादमीचा नाव घेऊन उल्लेख आहे. शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी, मुलांचा नित्य संबंध येणारी कोणतीही संस्था घ्या; तिने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेही क्रीडासंस्था, मैदान, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांना कामाचे ठिकाण मानले आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा संघटनांना महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण आखण्याची जबाबदारी दिली आहे. परदेशातही हे सुखासुखी घडलेले नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक संघाच्या लॅरी नासर या डॉक्टराविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी दडपल्या गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात उभे राहून आपली कहाणी सांगितली, आणि पुढच्याच महिन्यात तिथे तरुण खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. संशय आल्यापासून २४ तासांत कळवणे त्यात बंधनकारक आहे. अल्पवयीन खेळाडू आणि प्रशिक्षक यांची भेट दुसऱ्या प्रौढ माणसाच्या नजरेच्या टप्प्यात व्हावी, असेही त्यात आहे.

मग अडते कुठे? अडते ते तोंड उघडण्यापाशी. पोक्सोच्या १९ व्या कलमाने प्रत्येक माणसावर, केवळ पालकांवर नव्हे, असा गुन्हा कळला किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने लपवला तर ती एका वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. पण आपला स्वभाव पडला झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारा. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. त्या मुलींना तपासणाऱ्या एका डॉक्टराने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला आणि गुन्हा माहीत असून न कळवणे हाच एक गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातील दोन मुलींच्या बाबतीत तेच घडले. पालक संतापून रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली, आणि वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही पोक्सोखाली गुन्हा नोंदवावा लागला.

खेळातले उदाहरण हवे असेल तर २०१९ मधील गोव्याचे घ्या. एका जलतरण प्रशिक्षकाविरुद्ध तेथे पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. तक्रार करणारी १५ वर्षांची मुलगी होती, आणि बातमी फुटली ती एका चित्रफितीमुळे. चित्रफीत नसती तर तिच्यावर किती जणांनी विश्वास ठेवला असता? जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले. एका अल्पवयीन खेळाडूच्या तक्रारीवरचे पोक्सोचे प्रकरण मे २०२५ मध्ये न्यायालयाने बंद केले, आणि इतर कुस्तीगीर महिलांच्या तक्रारींवर मे २०२४ मध्ये आरोपनिश्चिती झाली. खरे-खोटे करणे हे न्यायालयाचे काम. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. त्या आंदोलनात ऑलिंपिक पदकविजेते होते. त्यांनाही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी फुटपाथवर बसावे लागले, सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि तेव्हा कुठे २८ एप्रिल २०२३ रोजी पोलिसांनी कागदावर पेन टेकवले. मग किनवटच्या आश्रमशाळेतील धावपटू मुलीने कोणाच्या दारात जावे?

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. लातूर पॅटर्नच्या कीर्तीमुळे दहावी झालेली मुले साऱ्या मराठवाड्यातून लातूरला येतात. नांदेडचीही तीच गत आहे. १५-१६ वर्षांची ही पोरे भाड्याच्या खोल्यांतून, खानावळीच्या डब्यावर राहतात. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. त्यांना विचारणारे घरचे माणूस शंभर किलोमीटर दूर असते. तालमीत राहणाऱ्या पोराचेही तसेच. शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दहा-वीस पोरांना घडवणाऱ्या वस्तादाच्या दारावर संस्थेची पाटी नसते, म्हणून नियम त्याला लागू नाहीत असे कोणी समजू नये. १९ वे कलम पाटी पाहत नाही.

आणि आपले महाविद्यालय? आपल्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. त्या वर्गांतील जवळजवळ प्रत्येक मुलगा-मुलगी कायद्याच्या भाषेत बालक आहे. तीच मुले आपल्याबरोबर कबड्डी खेळतात, स्नेहसंमेलनाच्या तालमीला रात्री थांबतात, स्पर्धेसाठी परगावी मुक्कामाला जातात. म्हणजे पोक्सो ही केवळ शाळामास्तरांची काळजी नसून आपल्या जिमखान्याची, आपल्या प्राध्यापकांची आणि वयाने थोडे मोठे असलेल्या आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला, संस्थेची बदनामी होईल. माझ्या मते संस्थेची बदनामी तक्रारीने होत नाही, तक्रार दडपल्याने होते. बदलापूरने हे पुरेसे सिद्ध केले आहे. दुसरा, खोट्या तक्रारी होतील. मोठ्या माणसाने द्वेषाने खोटी माहिती दिल्यास त्याला याच कायद्यात शिक्षा आहे, आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो कुणी मोठ्याने बोलत नाही. असल्या गोष्टींची चर्चा सुरू झाली की आईबाप मुलींना मैदानावर पाठवणेच बंद करतील. हे खरे आहे. कुठेही काही घडले की पहिली शिक्षा मुलीलाच होते. तिचे बूट माळ्यावर जातात, सराव सुटतो आणि मागोमाग लग्नाची बोलणी सुरू होतात. गुन्हा एकाचा आणि मैदान सुटते गावातल्या साऱ्या मुलींचे. पण म्हणूनच नियम हवेत. मैदान सुरक्षित आहे हे आईबापांना दिसले, तर आणि तरच ते मुलींना पाठवतील. गप्प बसून मैदान वाचत नाही.

म्हणून प्राचार्य, प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांच्यापुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवते. जिमखान्याच्या दर्शनी भिंतीवर एक फलक लावावा. त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे, त्यांपैकी एक महिला, आणि बालकांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक असावा. मानधनावर येणाऱ्या प्रशिक्षकासह मैदानाशी संबंध असलेल्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी व्हावी. अल्पवयीन खेळाडूला बंद खोलीत एकट्याने बोलावू नये. बोलणे दार उघडे ठेवून, दुसऱ्याच्या नजरेसमोर व्हावे. मुलींचा संघ परगावी जाणार असेल तर महिला प्राध्यापिका बरोबर असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, तक्रार आली की महाविद्यालयाने चौकशी समिती नेमून प्रकरण घरातल्या घरात मिटवू नये. कायद्याने आपल्याला न्यायाधीश नेमलेले नाही. कळवणारा नेमले आहे. कळवावे, आणि त्या मुलाच्या पाठीशी उभे राहावे.

यातल्या एकाही सूचनेला अनुदान लागत नाही, विद्यापीठाची मंजुरी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आपण दरवर्षी एखाद्या खेड्यात जातो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक संध्याकाळ गावच्या शाळेतील मुलांना, तालमीतल्या पोरांना आणि त्यांच्या वस्तादांना हा कायदा सोप्या भाषेत सांगायला काय हरकत आहे? संसदेने जे लिहायचे ते लिहून ठेवले आहे. ते मुखेड, अहमदपूर, उदगीर, देगलूरच्या मैदानापर्यंत नेण्याचे काम दिल्लीहून कोणी येऊन करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल, आणि त्याची सुरुवात पुढच्या वर्षीच्या जिमखाना समितीच्या पहिल्या बैठकीत, विषयपत्रिकेवरचा पहिला विषय म्हणून व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.